साडेसहाची बाई

दिवेलागणीला उखर्डू नानांच्या घरातून एका बाईने त्यांना हाक मारली. "उखर्डू नाना..." ओट्यावर बसलेल्या नानांनी ओ दिली नाही. घरात कोणी नव्हतं. बायको झुंबरबाई मागच्या अंगणात म्हशीजवळ होत्या. पुढच्या खोलीत अजून दिवा लागला नव्हता आणि खोलीभर छातीएवढा कापूस भरलेला होता. त्या कापसाच्या ढिगामागून आवाज येत होता. गोड, शहरातला आवाज, आणि त्याला कसली घाई नव्हती. "उखर्डू नाना, आज संध्याकाळची हृदयाची गोळी घेतली का? हो किंवा नाही सांगा."

गोळी नानांनी अर्ध्या तासापूर्वीच घेतली होती. नरडाणा स्टेशनाच्या बाजूने गाडीची शिटी ऐकू आली की गोळी जिभेवर आणि वर तांब्यातलं पाणी, हा त्यांचा नेम. त्यात एक दिवस खंड नाही. पण नाना तांब्या हातात धरून गप्प बसून राहिले. आत चार श्वासांइतकी शांतता झाली. मग बाई म्हणाली, "तुमचा आवाज आला नाही. मी पुन्हा येईन."

भिंतीपलीकडे बेबाबाईचं दूध उतू जाऊन चूल विझली, तरी ती जागची हलली नाही.

यात भुताखेताचं काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाही तर वाचणारा उगाच घरातले सगळे दिवे लावून बसायचा. दोन महिन्यांपूर्वी नानांच्या छातीत कळ आली होती. धुळ्याच्या एका दवाखान्यात त्यांच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. रक्त पातळ ठेवणारी गोळी वर्षभर रोज घ्यायची, एक दिवसही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. माणसं चार दिवस गोळ्या घेतात, बरं वाटलं की सोडून देतात, आणि मग स्ट्रेचरवरून परत येतात. म्हणून दवाखान्याने फोनची सोय केली होती. रोज साडेसहाला आपोआप फोन जाणार, एक बाई नाव घेऊन विचारणार, पेशंटने हो किंवा नाही म्हणायचं. उत्तर आलं नाही तर पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा फोन. तरीही उत्तर नाही, तर त्या दिवसापुढे लाल खूण.

जळगावला ठिबकच्या कंपनीत नोकरीला असलेला त्यांचा मुलगा स्वप्नील याने स्वतः फोन बसवून दिला होता. घरात रेंज फक्त कोठीजवळच्या कोनाड्यात येई, म्हणून फोन कायम तिथेच. नानांना बटणं दाबता येत नाहीत, म्हणून तो नंबर आला की फोन आपोआप उचलला जाई आणि आवाज मोठा होई. आणि नानांच्या नाजूक हृदयाला दचका नको म्हणून त्या नंबराची घंटीच त्याने बंद करून टाकली होती. म्हणजे आता अंधाऱ्या खोलीतून कसलीही सूचना न देता थेट बाईच बोलायला लागे. मुलाची माया अशी असते.

राहिला प्रश्न नानांनी ओ का दिली नाही हा. नानांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. चौथा मुलगा झाल्यावर त्यांच्या आईने त्याला उकिरड्यावर ठेवला, जावेकडून पसाभर ज्वारीला परत विकत घेतला आणि नाव ठेवलं उखर्डू. असल्या टाकाऊ मालाकडे मरण ढुंकून बघणार नाही, हा हिशेब. शिवाय तिने पोराला एक गोष्ट शिकवली. दिसत नसलेल्या माणसाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्याही नाही. 'ते' दोनदाच बोलावतं. तिसरी हाक माणसाचीच असते.

नानांनी हे अडुसष्ट वर्षं पाळलं होतं. शाळेत गुरुजी वहीत मान घालून हजेरी घेत आणि नाव एकदाच उच्चारत, त्यामुळे नाना चौथीपर्यंत रोज शाळेत जाऊन कायम गैरहजर होते. गावाला त्याची सवय झाली होती. नानांना बोलवायचं म्हणजे "नाना, नाना, ओ नाना" असं एका दमात म्हणायचं, की काम झालं. फोनवाल्या बाईला हे कोणी सांगितलं नव्हतं. ती साडेसहाला एक हाक मारी, पावणेसातला दुसरी, आणि निघून जाई. नाना ओट्यावर तिसरीची वाट बघत बसत. ती कधी आलीच नाही.

"अहो, मशीन शे ते," झुंबरबाईंनी एकदा म्हणून पाहिलं.

"माले ठाऊक शे मशीन शे. पन हाक ती हाकच ऱ्हास. मशीननी मारी का मानूसनी."

पहिले आठ दिवस बाई तेवढंच बोलत होती. पण ही सोय तयार करणारी माणसं हुशार असतात. पेशंट दाद देत नसेल तर बोलणं थोडं जिव्हाळ्याचं करायचं, असं त्यांनी आत भरून ठेवलं होतं. नवव्या दिवशी, कापसाचा ढीग संधिप्रकाशात पांढराफटक दिसत असताना, बाई म्हणाली, "उखर्डू नाना, तुम्ही तिथेच आहात हे मला माहीत आहे." पंधराव्या दिवशी म्हणाली, "नाना, तुमच्या हृदयाकडे माझं लक्ष आहे." आणि विसाव्या दिवशी, "नाना, आता मी तुमच्या घरच्यांशी बोलते."

बेबाबाईने दहाव्या दिवशी सकाळीच झुंबरबाईंना विहिरीवर गाठलं होतं. "अक्का, तुमना घरमा ती कोन शे व?"

"कोनी नही. फोन शे."

"फोन वाजस. हाई तर बोलस!"

"दवाखानाना फोन शे, बेबा. गोयी लिधी का, इचारस."

"मंग ती 'तुम्ही तठेच शेतस' कसं म्हने? फोनले डोया ऱ्हातस का?" बेबाबाईने त्याच दिवशी सामाईक भिंतीवर लिंबू-मिरच्या टांगल्या. दूध न्यायला येणारी माणसं सहाच्या आत येऊन जाऊ लागली. कापसाचा व्यापारी रुपचंद संध्याकाळी काटा घेऊन यायचा होता, त्याने निरोप पाठवला की त्या घरचा कापूस आपण भर उन्हात मोजू, घाई काय आहे. सव्वासहाला गल्लीत कुत्रंसुद्धा दिसेना. नाना एकटे ओट्यावर बसत, आणि आतून त्यांच्या नावाचा पुकारा होत राही.

एकविसाव्या दिवशी फोन चक्क वाजला. झुंबरबाईंनी बटण दाबलं. धुळ्याच्या दवाखान्यातून कामिनी सिस्टर बोलत होत्या. या फोनच्या कामाची देखरेख त्यांच्याकडे होती. "हॅलो, नाना? नाना? अहो नाना, ऐकू येतंय का?"

"ओ!" तिसऱ्या हाकेला नानांनी खणखणीत ओ दिली. "बोला ताई."

"नाना, एकवीस दिवस झाले. तुम्ही एकही गोळी घेतलेली नाही."

"कोन म्हनस?"

"सिस्टीम म्हणते."

"तिले म्हना, मन्हा रिकामा पाकिटं देखी जाय. एक दिन चुकनू नही मी."

"मग फोनवर 'हो' का म्हणत नाही?"

"तिनी तिसरी हाक मारी का?" कामिनी सिस्टरच्या यादीत दीडशे पेशंट होते आणि प्रत्येकाचं काही ना काही कारण होतं, पण हे नवीन होतं.

"नाना, त्यात दोनदाच फोन जातो. ते बदलणं आमच्या हातात नाही, बंगळूरच्या कंपनीच्या हातात आहे."

"मंग मी काय बंगळूरले ओ देऊ?"

कामिनी सिस्टरनी स्वप्नीलला फोन लावला. रविवारी स्वप्नील येऊन हजर झाला. त्याचा चेहरा ओढलेला होता, कारण सुट्टीला घरी आलेला असताना वडलांच्या छातीतली ती कळ त्याने मोटारसायकलवर मागे बसवून धुळ्यापर्यंत नेली होती आणि ते तीस-चाळीस किलोमीटर तो अजून विसरला नव्हता.

"डॉक्टरनी माले बलाडं," तो म्हणाला. "म्हने, तुमना बापनी एक बी गोयी खादी नही, आनि तपासणी सारी चांगली शे. त्यासले समजतच नही, काय करानं ते."

"खादी म्हनीसनच चांगली शे!"

"नाना, मी तठे ऱ्हास. आठे तुम्हले काय व्हई गयं तर मी काय करू? माले फक्त तो रिपोर्ट दिसस. या महिनाना ऱ्हायेल दिन बी लाल उनात, तर एक तारीखले घरले कुलूप. तुम्ही दोन्ही जळगावले."

दवाखान्यातून सुटल्यावर नाना अकरा दिवस जळगावला तिसऱ्या मजल्यावर राहून आले होते. सून सारिका चांगली होती. चहा वेळेवर पुढ्यात येई, टीव्हीचा रिमोट हातात मिळे. पण त्या अकरा दिवसांत नानांना कोणी एक हाक मारली नव्हती. दारं बंद, शेजाऱ्याचं नाव पाटीवर वाचायचं, खालून जाणारा माणूस वर बघत नसे. गॅलरीत बसून बसून आपण धुळ्यालाच मेलो आणि हे पुढचं काहीतरी आहे, अशी नानांना शंका यायला लागली होती. इथे ओट्यावर बसलं की गल्लीतला जाणारा-येणारा प्रत्येकजण तीनदा हाक मारून जाई. ते सोडून जायचं, या विचारानेच त्यांचा जीव कासावीस झाला. झुंबरबाईंनाही ते अकरा दिवस कसे गेले, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, तेव्हा आपणही पुढे जाऊ.

तोडगा स्वप्नीलनेच काढला. "माय, ती बाई इचारी, तवय तूच 'हो' म्हनी दे. कामिनीताई म्हनतस, घरनं कोनी बी चालस."

"मी म्हनू?" झुंबरबाई म्हणाल्या.

"तूच."

"बरं," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटायला आत गेल्या.

त्या दिवसापासून नानांच्या जिवाला स्वस्थता आली. साडेसहाला आतून पुकारा होई, मग पुटपुटल्यासारखं काहीतरी ऐकू येई, आणि बाई म्हणे, "समजलं. काळजी घ्या." दुसरी हाक बंद झाली. "हुशार शे," नाना ओट्यावरून कौतुकाने म्हणत. "एकदाव सांगं तर समजनं तिले."

सातव्या दिवशी पुन्हा कामिनी सिस्टरचा फोन आला. या वेळी आवाज कडक होता. "नाना, नाना, नाना! आता तर तुम्ही स्वतःच सांगताय की गोळी घेतली नाही. सहा दिवस रोज 'नाही'. अशानं कसं चालेल?"

"कोन 'नाही' म्हनस?" नाना उठून उभे राहिले. "आम्ही तर 'हो' म्हनतस!"

"माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. थांबा, ऐकवते."

कोनाड्यातल्या फोनमधून आधी खरखर आली. मग चर्र असा काहीतरी जळत असल्याचा आवाज. आणि त्या जळण्यातून, अगदी खाली, घोगरी, कोरडी कुजबुज. "ना...ही." दुपारचे बारा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं, तरी नानांच्या मानेवर थंड हात फिरल्यासारखं झालं. त्यांनी झुंबरबाईंकडे पाहिलं.

"हाऊ मन्हा आवाज नही शे," झुंबरबाई म्हणाल्या. "मी तर 'हो' म्हनस."

बेबाबाई पीठ मागायच्या निमित्ताने दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं. "अक्का," ती हळूच म्हणाली, "हाऊ तिनाच आवाज शे. इचारस बी तीच, आनि सांगस बी तीच." एवढं बोलून ती पीठ न घेताच गेली.

संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं, की नानांच्या घरात दोघी आहेत. एक गोड बोलते, दुसरी जळत असते. नाना आजवर कशाला भ्याले नव्हते, कारण तीन हाकांचा कायदा त्यांच्या पाठीशी होता. पण आता कोणीतरी त्यांच्या नावाने ओ देत होतं. त्यांच्या घरात, त्यांच्या जागी. या गोष्टीला आईने काही उपाय सांगून ठेवला नव्हता. शिवाय महिना संपायला तीनच दिवस उरले होते. ही जी कोण होती तिने आणखी तीनदा 'नाही' म्हटलं, की घराला कुलूप.

दुसऱ्या दिवशी नानांनी झुंबरबाईंना सांगितलं, की आज वावरातून यायला उशीर होईल. गोळी खिशात टाकून ते निघाले, गावाबाहेर वळसा घातला, शिटी झाल्यावर बांधावर बसून गोळी घेतली आणि सव्वासहाला पुढच्या दाराने चोरासारखे आपल्याच घरात शिरले. लपायला जागा एकच होती. त्यांनी कापसाच्या ढिगात बसकण मारली आणि दोन्ही हातांनी कापूस ओढून गळ्यापर्यंत घेतला. मग डोक्यावरही घेतला.

आत ऊबदार होतं आणि जगातले सगळे आवाज लांब गेले होते. नाकात तंतू शिरून शिंक येऊ लागली, ती नानांनी नाक दाबून मारली. खोलीतला उजेड हळूहळू राखाडी झाला. कोनाड्यात फोनचा निळा प्रकाश लागला, न वाजता, आपोआप.

"उखर्डू नाना," बाई म्हणाली. "तुम्ही तिथेच आहात हे मला माहीत आहे."

आजवर हे वाक्य नानांनी ओट्यावर बसून ऐकलं होतं. कापसात दडून ऐकल्यावर त्याची चव वेगळी लागली. स्प्रिंगच्या जागी काहीतरी फडफडलं. "आज संध्याकाळची हृदयाची गोळी घेतली का? हो किंवा नाही सांगा."

मागच्या बाजूने पावलं आली. एक ओढत टाकलेलं, एक टेकत टाकलेलं. त्याबरोबर तिखट, ठसका लावणारा वास आला आणि तो चर्र आवाजही. दारातून एक बाईमाणूस आत आलं. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, चेहरा दिसत नव्हता. ती कोनाड्यापाशी वाकली, पदराचा बोळा तोंडावर धरला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ना...ही."

"समजलं. काळजी घ्या," बाई म्हणाली. निळा प्रकाश विझला.

मागे चुलीवर फोडणी जळत होती. पदराचा बोळा खाली आला, तेव्हा नानांना पंचेचाळीस वर्षांच्या ओळखीचा चेहरा दिसला. ते ओरडणारच होते. पण झुंबरबाई परत गेल्या नाहीत. विझलेल्या फोनसमोर, कोठीला पाठ टेकून, गुडघे धरत त्या खाली बसल्या आणि बोलायला लागल्या. कुजबुजत नाही, नेहमीच्या आवाजात.

"बाई, तू रोज इचारस, बरं लागस. पन त्यासलेच इचारस. माले बी इचार ना एकदाव." त्या थोडा वेळ थांबल्या, जणू खरंच विचारलं जाईल. "मन्हा गुडघा गयात व. पंचेचाळीस वरीस पानी मी शेंदस, म्हैस मी दोहस. तुले कोठे ऱ्हानं शे, असं कोनी इचारं नही. जळगावले नळ घरमा शे. तोटी फिरावी का पानी. सारिका माले 'बठा' म्हने. अकरा दिन मी बठनू, बाई. जलममा पयलांदा." मग आवाज खाली आला. "त्या गोयी रोज खातस, माले माहीत शे. मी रोज पाकीट देखस. खोटं मी बोलनू, पाप लागी तर माले लागू दे. पन त्यासले कसं सांगू, माले जळगावले जानं शे म्हनीसन? त्यासना जीव ह्या ओटावर शे. तुले सांगस. तू कोनले सांगू नको."

नानांना लाज वाटली. छातीत कळ आली त्या दिवशीही एवढं दुखलं नव्हतं. बायकोकडे आपण पहिल्या हाकेला भाकरी, पहिल्या हाकेला पाणी मागितलं होतं, आणि तिच्या तोंडून तिचं म्हणणं ऐकायला आपल्याला कापसात पुरून घ्यावं लागलं. झुंबरबाई जळकी फोडणी सावरायला मागे गेल्यावर ते ढिगातून उठले आणि पुढच्या दाराने गुपचूप बाहेर पडले. डोक्यापासून पायांपर्यंत, भुवया-मिश्यांसकट, त्यांना कापूस चिकटलेला होता.

समोर बेबाबाई घाईघाईने घराकडे परतत होती. ती जागच्या जागी थिजली. "कोन शे?"

नाना उभे राहिले.

"को...कोन शे तठे?"

अडुसष्ट वर्षांची सवय अशी एका संध्याकाळीत जात नाही. शिवाय मन ठिकाणावर नव्हतं. नाना निमूटपणे तिसऱ्याची वाट बघत राहिले. बेबाबाईकडे तिसरं उरलं नव्हतं. ती चपला तिथेच सोडून जी ओरडत सुटली, ती थेट मारुतीच्या पारावर जाऊन थांबली. पांढरं होतं, तोंड नव्हतं आणि बोलत नव्हतं, असं तिने पारावर सांगितलं. पुढचं गावाने आपापल्या मगदुराप्रमाणे वाढवून घेतलं.

सकाळी नाना फोन घेऊन वावरात गेले, एका गुराख्याकडून स्वप्नीलचा नंबर लावून घेतला आणि बांधावर उभं राहून त्यांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मारली. "स्वप्नील, ती बाई खरं सांगस. मी गोया खात नही."

"मंग पाकिटं रिकामा कसा व्हतस?"

नानांनी एवढा पुढचा विचार केला नव्हता. त्यांची नजर बांधाखाली चरत असलेल्या म्हशीवर पडली. "म्हैसना आंबोनमा टाकस."

"म्हैसले? आनि म्हैस कशी शे?"

"ठणठणीत शे," नाना म्हणाले. "तू ये, लई जाय आम्हले. माले आते भरवसा नही मन्हाच."

रविवारी स्वप्नील गाडी घेऊन आला आणि बापाला कधी नव्हे एवढं बोलला. कामिनी सिस्टर फोनवरून बोलल्या, डॉक्टर बोलले. एकही गोळी न चुकवलेले नाना मान खाली घालून सगळं ऐकत होते. ओट्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं, मग पाहिलं नाही. म्हैस बेबाबाईला दिली. आधी ती त्या घरातलं काही घ्यायला तयार नव्हती, पण हृदयाच्या गोळ्या खाल्लेली म्हैस आहे हे कळल्यावर तिला मोह आवरला नाही. एवढा पक्का जीव असलेलं जनावर सगळ्या शिंदखेडा तालुक्यात दुसरं नव्हतं.

गाडी रस्त्याला लागली. मागच्या सीटवर झुंबरबाई गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पारोळा मागे पडलं. मग पुढे ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "म्हैसनी गोया कवय खाद्यात?"

"तू 'हो' कवय म्हनेल व्हतं?" नाना म्हणाले.

त्यानंतर जळगावपर्यंत दोघंही आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होते.

कामिनी सिस्टरनी मात्र हलगर्जीपणा केला नाही. हा पेशंट स्वतःच्या तोंडाने कबूल झालेला, याच्या शब्दावर विसंबून चालणार नाही. त्यांनी यादीतलं नाव बदललं. आता घरच्या जबाबदार माणसाला फोन जाणार होता.

सोमवारी संध्याकाळी नाना तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून खालच्या गाड्या बघत होते. इथे रेल्वेची शिटी ऐकू येत नव्हती, त्यांनी घड्याळात बघून गोळी घेतली होती. साडेसहा वाजले. स्वयंपाकघरात नळ वाहत होता. आणि आतून, तोच गोड, बिनघाईचा आवाज आला.

"झुंबरबाई..."

नानांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पंचेचाळीस वर्षांत हे नाव त्यांनी स्वतः कधी घेतलं नव्हतं. गावात ती स्वप्नीलची माय होती, अक्का होती, आणि ते स्वतः तिला 'ऐकं का' म्हणत. हे नाव रेशनकार्डाबाहेर कोणी उच्चारलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

"ओ!" झुंबरबाई ओरडल्या. नळ तसाच सोडून, दुखऱ्या गुडघ्यांवर त्या जवळजवळ धावतच आल्या. "हो! लिधी त्यासनी गोयी! मन्हा डोयासमोर लिधी!"

"अवं, पहिलीच हाक व्हती ती!" नाना गॅलरीतून घाबऱ्याघाबऱ्या म्हणाले. "तिसरीपावत तरी थांबानं व्हतं."

"कसाले थांबू?" झुंबरबाई म्हणाल्या. "तुम्हले साऱ्या गावनी हाका मार्‍यात. माले जलममा हाई पहिलीच शे. दुसरी येई ना येई."

"छान," बाई म्हणाली. "धन्यवाद, झुंबरबाई. मी उद्या पुन्हा येईन."

फोन बंद झाला. झुंबरबाईंनी तो खाली ठेवला नाही. त्यांनी आत जाऊन नळ बंद केला, स्टूल ओढून घेतलं, ऐसपैस बसल्या आणि बंद फोन कानाला लावून सावकाश, पहिल्यापासून, सगळं सांगायला लागल्या. सुरुवात लग्नाच्या वर्षापासून होती. नाना उठून पाय न वाजवता दाराआड येऊन उभे राहिले. आतली गोष्ट पहिल्या दिवाळीपर्यंत आली होती आणि तेवढ्यात त्यांचा उल्लेख चारदा झाला होता. गोळी वेळेवर घेऊनही त्यांच्या छातीत धडधडायला लागलं.